डावा गाल

सोमवार, ६ जानेवारी २०२५. भोईवाडा, परळ.

खोली एकदम पसंत पडली. आमच्या गावच्या मुंबई मंडळाची ही खोली. पूर्वी इथे गिरणीतले अठरा जण पाळीपाळीने झोपायचे. गिरण्या गेल्यावर मंडळाने ती गावातून उपचाराला येणाऱ्यांसाठी ठेवली. मंडळाचे गुणाजी चावी द्यायला आले होते. म्हणाले, दहा बाय बारा आहे. मी पिशवीतली टेप काढून लावली. दहा फूट बाय अकरा फूट चार इंच. तसं सांगितलं तर हसत सुटले. म्हणाले, दत्ताराम, चाळीस वर्षांत कुणी मोजली नव्हती रे, तूच पहिला.

मोजायची गोष्ट मोजावी. मला फोटोग्राफी कुणी शिकवली नाही. कणकवलीत रद्दीवाल्याकडे मिळालेलं, पहिली बारा पानं नसलेलं पुस्तक आणि निगेटिव्हवरून फोटो मोठे करायचा बंद पडलेला एन्लार्जर यावर मी स्टुडिओ उभा केला. तेहतीस वर्षं झाली.

इस्पितळ इथून चालत अकरा मिनिटं. शेजारी गुणवंतीबाई राहतात, परळच्या बाजारात मासळी विकतात. मी फोटोवाला आहे हे कळल्यावर म्हणाल्या, माझा एक काढा, पण म्हावऱ्याची पाटी डोक्यावर घेऊन नको, तसले परदेशी लोक काढून नेतात. नथ घालून बसते.

दार पूर्वेच्या गॅलरीत उघडतं. समोरची इमारत बुटकी. सकाळी आठ वीसला मागच्या आकाशी भिंतीवर असा उजेड पडतो की विकत घ्यायला गेलो तर मिळणार नाही. मन खुलून गेलं. आजारपणाला आलोय हे दोन तास विसरलोच होतो.

मंगळवार, ७ जानेवारी.

हे नीट लिहून ठेवतो. डाव्या गालाच्या आत व्रण होता. दाढ घासते म्हणून चार महिने मीच औषध लावत बसलो. तंबाखू सोडून आठ वर्षं झाली होती, त्यामुळे तो विचार मनात येऊ दिला नाही. आता नाव कळलंय. आधी दोन केमो, एकवीस दिवसांच्या अंतराने. मग २८ फेब्रुवारीला स्कॅन. ४ मार्चला ऑपरेशन. गाल आणि जबड्याचा थोडा भाग काढणार, मांडीचं मांस तिथे लावणार. ऑपरेशनच्या वेळी सही करायला आणि सोबत राहायला घरचं माणूस लागतंच. माणूस नसेल तर तारीख जाते, आणि डॉक्टर म्हणाले तारीख घालवण्याइतका वेळ माझ्याकडे नाही.

सुचित्रा येईल. दिशाची बारावीची परीक्षा ११ फेब्रुवारीपासून आहे. महत्त्वाचे पेपर झाले की दिशाला मावशीकडे ठेवून सुचित्रा चोवीस तारखेपर्यंत इथे पोचेल, असं ठरवून निघालो.

तोवर मी एकटा. म्हणून एक काम आखलंय. रोज सकाळी आठ वीसला स्वतःचा एक फोटो. तीच जागा, तीच लेन्स, तेच अंतर. फरशीवर काळी चिकटपट्टी मारून स्टुलाची जागा पक्की केली. कॅमेरा एक मीटर ऐंशी सेंटिमीटरवर. दहा सेकंदांचा टायमर. माझ्या चेहऱ्याचं काय होतंय ते मला रोज मिलिमीटरमध्ये दिसलं पाहिजे. मोजलेल्या गोष्टीची भीती वाटत नाही, हा माझा अनुभव आहे.

पहिला फोटो उत्तम आला. घरच्या ग्रुपवर टाकला.

रविवार, १२ जानेवारी.

गुरुवारी पहिली केमो झाली. शेजारच्या खुर्चीवर साताऱ्याकडचे एक मास्तर होते. मी सलाइनच्या बाटलीतून खिडकीचा फोटो काढत होतो, तर म्हणाले, अहो, आम्हाला इथे जीव नकोसा झालाय आणि तुम्ही सहलीला आल्यासारखे. मी त्यांना पडद्यावर दाखवलं. बाटलीत उलटी खिडकी, उलटं झाड, उलटी कावळ्यांची रांग. बराच वेळ बघत राहिले. मग स्वतःहून म्हणाले, माझाही काढा एक.

उलट्या तीन दिवस. रोजचा फोटो चुकवला नाही.

शुक्रवार, १७ जानेवारी.

सुचित्राचा फोन आला. आजचा फोटो बघून रडली. गालाची सूज बाहेर दिसायला लागलीय, डोळे खोल गेलेत. ती म्हणाली, दिशाने सराव परीक्षेचा पेपर अर्धा कोरा दिला, बाईंनी विचारलं तर म्हणाली, बाबांचा फोटो डोळ्यांपुढून जात नाही.

मला शरम वाटली. इतकी वर्षं एकही बिघडलेला चेहरा माझ्या स्टुडिओतून बाहेर गेला नाही.

शनिवार, १८ जानेवारी.

आजचा फोटो ग्रुपवर टाकायच्या आधी दुरुस्त केला. लॅपटॉपवर एक तास पाच मिनिटं लागली. सूज उतरवली, डोळ्यांखालचं काळं काढलं, ओठाला किंचित रंग.

हे काम मला नवीन नाही. फिल्मच्या काळात निगेटिव्हवर शिसपेन्सिलने करायचो. गावातली माणसं जिवंतपणी फोटो काढत नसत. माणूस गेल्यावर तिरडीवरचा फोटो घेऊन येत आणि भिंतीवर लावायला तसबीर मागत. मग मी त्याला कोट घालायचो आणि ब्रशाने डोळे उघडून द्यायचो. लोक म्हणत, दत्ताभाऊ, आता बोलतील असे केलेत. अशी एकशे चाळीसेक माणसं मी उठवून बसवली असतील. स्वतःचा गाल म्हणजे काय!

सुचित्राचा लगेच मेसेज आला. काय गाल भरलेत, मुंबयचा पाणी मानवला वाटता. दिशाने हसरे चेहरे पाठवले, सात.

रविवार, २६ जानेवारी.

नऊ दिवस रोज दुरुस्ती. हात बसलाय, आता चाळीस मिनिटांत होते. खरा फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो, दुरुस्त केलेला घरी जातो.

केस गळायला लागले. तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नाही, त्यामुळे बोलणं बोबडं येतं. फोन टाळतो, मेसेज करतो. गुणवंतीबाई सकाळी मऊ भात आणि बोंबलाचं पातळ कालवण ठेवून जातात. वर टोमणा असतोच. म्हणाल्या, फोटोत टोणग्यासारखे दिसता आणि इथे चमचाभर भात जात नाही, तुमच्या घरच्यांना कुणाचा फोटो पाठवता?

मी हसलो. म्हणजे हसण्याचा प्रयत्न केला.

बुधवार, २९ जानेवारी.

आज एक विचित्र गोष्ट झाली. फोटो काढला, लॅपटॉपवर घेतला, दुरुस्तीला बसलो. दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.

सूज नव्हती. डोळ्यांखाली काळं नव्हतं. मोरीतल्या आरशात जाऊन पाहिलं. दोन्ही होतं. परत येऊन पाहिलं. फोटोत नव्हतं.

कारणं लिहून काढली. समोरच्या गच्चीवर पांढरं कापड वाळत होतं, त्याचा उजेड डावीकडून आला असेल. लेन्सवर वाफ धरली असेल. दोन्ही तपासली, पटली नाहीत. पण फाइल कॅमेऱ्यातूनच आली, तारीख-वेळ बरोबर, मधे कुणाचा हात लागलेला नाही.

खरं सांगायचं तर बरं वाटलं. चाळीस मिनिटं वाचली. तसाच ग्रुपवर टाकला.

सोमवार, ३ फेब्रुवारी.

३० तारखेला दुसरी केमो. डोक्यावर एक केस नाही, भुवया विरळ. वजन अडुसष्टचं एकोणसाठ.

कॅमेऱ्यातल्या माणसाच्या डोक्यावर दाट केस आहेत. उजवीकडे भांग. मी भांग डावीकडे पाडायचो.

कॅमेरा उघडून पुसला, कार्ड बदललं, दुसरी लेन्स लावून पाहिली. स्टुलावर पितळेचा तांब्या ठेवून फोटो काढला. तांब्या जसाच्या तसा आला, पोचे धरून. मी बसलो की मात्र तो येतो.

डॉक्टरांना विचारावं असं वाटलं. काय विचारणार? फोटो चांगला येतो, हे कुठलं लक्षण?

ग्रुपवर पाठवला. पाठवायला नको होता, हे आज लिहून ठेवतो. पण दिशाचा पहिला पेपर आठवड्यावर आलाय. आणि मी काय पाठवू? डोळे उघडलेल्या तसबिरीवरून कुणी पुन्हा तिरडीचा फोटो मागतं का?

गुरुवार, १३ फेब्रुवारी.

सुचित्राचा मोठा मेसेज. इंग्रजीचा पेपर उत्तम गेला. पुढे लिहिलंय, तुमची तब्येत एवढी सुधारते आहे तर मी चोवीसला येण्याची घाई कशाला, दिशाला परीक्षेत एकटं सोडायला नको, ऑपरेशनला मंडळातलं कुणी उभं राहील ना? आणि एवढे बरे झालात तर ऑपरेशन तरी लागतंय का, डॉक्टरांना नीट विचारा, हे लोक उगाच कापतात.

लिहिलं, तुला यावंच लागेल, सही तुझीच हवी. मग जोडलं, फोटोंवर जाऊ नकोस, मी ते सुधारून पाठवत होतो.

तिने अंगठा पाठवला.

शनिवार, १५ फेब्रुवारी.

आज फोटो काढला नाही. पट्टीवरचं स्टूल उचलून मोरीत ठेवलं. कॅमेऱ्याची बॅटरी काढून डब्यात.

आठ चोवीसला ग्रुपवर फोटो आला. माझ्या नंबरवरून.

मी पाठवला नाही. फोन तेव्हा खुंटीवरच्या शर्टाच्या खिशात होता. तो हसतो आहे, तोंड उघडून. दात पूर्ण दिसतात. इतकं तोंड मला गेल्या ऑगस्टपासून उघडता आलेलं नाही.

दिशाने लिहिलंय, बाबा, मस्त!

मंगळवार, १८ फेब्रुवारी.

मागची भिंत बदलली. आकाशी नाही. मरून पडदा आहे, खाली उजव्या कोपऱ्यात उंदराने कुरतडलेला. माझ्या स्टुडिओतला पडदा. मीच शिवून घेतला होता.

तो कणकवलीत आहे.

ताप एकशे दोन. पांढऱ्या पेशी खाली. प्रवास बंद, गर्दीत जायचं नाही, असं सांगितलंय. नाहीतर आज निघालो असतो.

गुरुवार, २० फेब्रुवारी.

दिशाचा मेसेज ग्रुपवर, दुपारी. बाबा आले!!! ऑपरेशन नको झालं!!!

खाली फोटो. आमची ओटी. तो पाटावर जेवायला बसलाय. सुचित्रा वाढते आहे. ताटात सुरमईचा मोठा तुकडा, सोलकढी, भाताचा ढीग. मी रंग बघत बसलो. भाताचा पांढरा रंग पांढराच, उजेडाचं प्रमाण बरोबर, पाटाची सावली बरोबर पडलेली. कुठे चूक सापडेना. मी काढला असता तर असाच काढला असता.

लगेच फोन लावला. सुचित्राने उचलला. मी तिचं नाव घेतलं. माझ्या तोंडून आता जे निघतं ते नाव वाटत नसेल, मान्य. पण माझा नंबर तिच्या फोनवर माझ्या नावाने आहे. नाव उमटलं असणार. तरी तिने विचारलं, कोण?

पाठीमागे कुणीतरी दिशाला समजावत होतं, की हात हलला तर एकवेळ चालतं, पण उजेड चुकला तर फोटो गेला. माझं वाक्य. माझा आवाज, आजाराच्या आधीचा.

कोणाचा फोन, असं त्याने विचारलं. सुचित्रा म्हणाली, कुणी नाही. आणि ठेवला.

सोमवार, २४ फेब्रुवारी.

आज ती यायची होती.

गुणवंतीबाईंना सगळं लिहून दाखवलं. वाचताना दोनदा माझ्याकडे वर बघितलं. मग म्हणाल्या, मी काढते तुमचा फोटो, माझ्या मोबाइलला असली अक्कल नाही. अंगठा लेन्सवर आला, फोटो तिरका, मागे त्यांची सुकट वाळत घातलेली.

पण मी होतो. टक्कल, डाव्या बाजूने सुजलेलं तोंड, लाळ पुसायचा रुमाल. तेहतीस वर्षांत इतका वाईट फोटो मी पाहिला नाही, आणि बघून इतका आनंद कधी झाला नाही.

त्यांच्याच नंबरवरून फक्त सुचित्राला पाठवला. खाली लिहिलं, हा मी आहे. घरात आहे तो कोण मला माहीत नाही. दिशाला घेऊन बाहेर पड. चार तारखेला सही लागेल, ये.

दोन निळ्या खुणा आल्या. वाचला.

मंगळवार, २५ फेब्रुवारी.

गुणवंतीबाईंच्या फोनवर उत्तर आलं. उतरवून ठेवतो, म्हणजे उद्या मला हे स्वप्नात आलं असं वाटणार नाही.

तिने लिहिलंय, मला पहिल्याच दिवशी कळलं. बावीस वर्षांच्या संसारात बाईला इतकंही कळत नाही असं समजता का? त्यांच्या मनगटावर तुमचा भाजल्याचा डाग नाही. पण ते पोटभर जेवतात. दिशाला गणित शिकवतात. ती हसते हो. तुमचं दुखणं कळल्यापासून घरात कुणी हसलं नव्हतं. मला आता इस्पितळाच्या दारात बसायचं बळ नाही. तुम्ही रोज सकाळी मला दाखवत होता की नवरा असा आहे. मी कधी मागितलं होतं? तुम्हीच त्यांना एकेक दिवस करून पाठवलंत. आता परत न्या म्हणता. ते म्हणालेच होते तुम्ही असा फोटो पाठवाल. दुसऱ्यांदा पाठवू नका, फोन दिशाच्या हातात असतो.

गुणवंतीबाईंनी वाचून दाखवलं. शेवटी एक शिवी दिली, ती इथे लिहीत नाही.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी.

स्कॅनला गेलो. अकरा मिनिटांच्या रस्त्याला चाळीस लागली. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, दत्ताराम यांचा स्कॅन सकाळी आठलाच झाला, मिसेस होत्या बरोबर. मग फाइल बघितली, फाइलवरचा फोटो बघितला, मला बघितलं. विचारलं, तुम्ही पेशंटचे कोण?

कागदावर लिहून दिलं, मीच तो. त्यांनी वाचलं आणि फार प्रेमाने सांगितलं, बाबा, तुमचं कार्ड घेऊन या.

कार्ड खोलीत होतं. परत आलो. कार्डावरही तोच आहे. भांग उजवीकडे.

म्हणजे सुचित्रा मुंबईत आहे. दादरला तिच्या मावसभावाकडे उतरली असणार. इथवर टॅक्सीने दहा मिनिटं. संध्याकाळपर्यंत दार उघडं ठेवलं.

रविवार, २ मार्च.

आली नाही.

मंडळाच्या गुणाजींना मेसेज केला, सही कराल का. ते लिहितात, दत्ताराम, थट्टा करतोस काय, काल तुझ्याबरोबर दादरला चहा घेतला ना —

गुणवंतीबाई म्हणाल्या, मी करते सही, बहीण म्हणून सांगते. उद्या भरती व्हायचं. त्या दुपारी बाजारातून आल्या की —

सोमवार, ३ मार्च.

१०.५०. इस्पितळातून फोन. अभिनंदन म्हणाल्या. गाठ कुठेच नाही, डॉक्टरही चकित. ऑपरेशन रद्द. खाट दुसऱ्या पेशंटला दिली. मी ओरडलो. त्या म्हणाल्या, आवाज तुटतोय —

११.४०. गॅलरीत पावलं. दोघांची. एक तिची, ती उजवा पाय किंचित ओढते —

कडी घालायला उठलो, पोचलो नाही.

तिनेच दार लोटलं. मला बघितलं. तोंडावर पदर धरून रडली. खरी रडली. मला वाटलं आता —

तो मागे. वाकून फरशी बघतोय. पट्टीवर बोट फिरवलं. मोरीतून स्टूल आणलं. टेप काढली. एक मीटर ऐंशी. मला काखेत धरून बसवलं, हात ऊबदार, वजनच नसल्यासारखं उचललं —

बोलता येत नाही म्हणून इथे लिहितो, तिला दाखवायला. सुचित्रा, सही कर. उद्याची तारीख अजून मागता येईल. गुणवंतीबाई एक वाजता येतात. फक्त तोवर थांब. मी बरा होणार होतो —

वाचलं तिने. वही परत मांडीवर ठेवली. पदराने माझा गाल पुसला, अगदी हलक्या हाताने. मग पांढरी चादर उघडून माझ्या उजवीकडे उभी राहिली, स्टुडिओत चेहऱ्यावर उजेड परतवायला धरायची तशी. त्याला विचारते आहे, दुखणार नाही ना.

तो म्हणतो, नाही, डावीकडून सुरू करू —

गालाला गार लागलं. ब्रशासारखं. दुखत नाही. सूज दिसत — हात लावला तर गालच —

सुचित्रा, बघ, अजून लिहितो आहे. अक्षर माझंच —

कान गेला. डावा. आवाज एकाच बाजूने —

चादर खाली धरलीस. थोडी वर घे. उजेड चुकतो